जळगावहून लंकावीच्या (मलेशिया) ट्रायथलॉनला (पोहणं, सायकल आणि धावणं अशी सलग शर्यत) सायकल कशी न्यावी?

सायकल बॉक्सात भरताना सगळ्यात आधी मोडतो तो मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) फ्रेमला जोडणारा हँगर. म्हणून डिरेलर 5 मिमीच्या ॲलन कीने (षटकोनी पान्याने) सोडवा, बबल रॅपमध्ये गुंडाळून चेनसकट फ्रेमच्या आत बांधा. जादा हँगर इथूनच न्या. तो प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, ऐनवेळी तिथं मिळेलच असं नाही. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, जोर लावण्याआधी दिशा बघा. डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्यावर पॅडमध्ये स्पेसर (पॅड वेगळे ठेवणारा तुकडा) घालाच, नाहीतर लिव्हर दाबला गेला की पॅड चिकटतात. सीटपोस्ट (सीटचा दांडा) काढण्याआधी त्याच्या उंचीवर टेपची खूण करा. सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत, पाने-पकडी मात्र बॉक्सात. सीओटू काडतुसं (टायरमध्ये हवा भरायची छोटी गॅसची नळकांडी) नेऊच नका, हातपंप पुरतो.

आता हवामान. आपल्याकडे मे महिन्यात 44-45 अंशांत सराव केलाय म्हणून गाफील राहू नका. खान्देशचं ऊन कोरडं, घाम लगेच उडतो आणि अंग निवतं. लंकावीच्या दमट हवेत तो अंगावरच राहतो आणि शरीर तापत जातं. पहिले 10 किलोमीटर मुद्दाम सावकाश धावा. नुसतं पाणी ढोसू नका, ओआरएस घ्या. समुद्र कोमट असतो, वेटसूटचं (थंड पाण्यात पोहताना घालायचा रबरी पोशाख) ओझं इथंच ठेवा.