प्लायची टाकी, पाण्याचा रेटा

चवथ आटोपली, पाऊस ओसरला की माझ्याकडे टाक्यांचे प्रश्न सुरू होतात. यंदाचे बहुतेक प्रश्न मासे पाळायला घरी बांधायच्या मोठ्या प्लायवूडच्या टाकीबद्दल आहेत, म्हणून आज तेवढेच घेतो.

प्रश्न : आठ फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट उंच टाकी बांधायची आहे. एवढ्या मापाच्या काचेच्या टाकीचा भाव ऐकून गुमान घरी आलो. प्लायमध्ये स्वस्तात होईल ना? काटकसर कुठे करू? (डिचोली)

होईल, पण हे माप सोडा. प्लायची शीट ८ बाय ४ फुटांची येते, तेव्हा टाकीचे माप शीटवरून काढायचे. शीट उभी चिरलीत की ८ बाय २ च्या दोन पट्ट्या निघतात आणि प्रत्येक पट्टीतून सहा फुटांचा एक नि दोन फुटांचा एक तुकडा. म्हणजे पहिल्या शीटमध्ये तळ, पाठ आणि दोन्ही बाजू झाल्या. दुसरीतून पुढची, काच बसवायची चौकट आणि वरून टाकीला आवळून धरणारे कडे. अशी ६ बाय २ बाय २ ची टाकी १९ मिलिमीटरच्या दोन शीटमध्ये बसते, तुमच्या मापाला निदान चार लागतील. करवतीचे पाते दर कापाला तीनेक मिलिमीटर खाते, तेवढे सुताराला आधीच सांगून ठेवा.

दुसरी गोष्ट उंचीची. पाण्याचा रेटा खोलीवर ठरतो, आणि काचेवरचा एकूण जोर खोलीच्या वर्गाने वाढतो. दोन फुटी टाकीत पाणी ५३ सेंटिमीटर धरले, तर पुढच्या अंगावर सुमारे अडीचशे किलोंचा रेटा येतो. तुमच्या आठ फुटी, तीन फूट उंच टाकीत तोच आठशेच्या वर जाईल. मग काच जाड, चौकट जाड, आणि काटकसर कसली! रुंदीचे मात्र तसे नाही. टाकी पाठीमागे कितीही वाढवा, पुढच्या काचेला त्याची खबरही लागत नाही. पुढेमागे पैसे आले तर रुंदी वाढवा, उंची नको.

पैसे वाचवायला जागा पुष्कळ आहेत. घडवंचीसाठी लोखंड कशाला, चिऱ्यांचे दोन-तीन ओटे रचा नि वर पाणसळ लावून सपाटी बघा. पुढची खिडकी कापताना निघालेला तुकडा झाकणाला होतो. फिल्टर प्लास्टिकच्या बादलीत होतो. काचही भंगारातून मिळते. जुन्या टेबलाची, कडा घासलेली, चरा नसलेली बघून घ्या. टफन काच मात्र नको, ती नंतर कापता येत नाही आणि फुटली तर एका क्षणात सगळीच चुरा होते.

प्लायमध्ये हात आखडू नका. दुकानात ‘वॉटरप्रूफ’ म्हणून जे मिळते ते बहुधा आयएस ३०३ या भारतीय मानकातले असते, कपाटाला उत्तम. आपल्याला हवे आयएस ७१०, म्हणजे मरीन. त्याची कसोटी ७२ तास उकळत्या पाण्यात असते. माझ्या पहिल्या टाकीसाठी मी शिक्का न बघता, नुसत्या शब्दावर शीट आणली होती. चौथ्या महिन्यात तळाची कड पाण्यात पडलेल्या पुस्तकासारखी पानापानाने उघडली. तेव्हापासून हाताएवढा तुकडा मागून घेतो आणि चार तास चुलीवर उकळतो. थर सुटले तर ती शीट टाकीसाठी नाही.

स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्या. आपल्या खाऱ्या हवेत साधा स्क्रू गंजून फुगतो आणि आतून लेप फोडतो.

प्रश्न : टाकीला आतून पाणी न झिरपणारा लेप द्यायला इपॉक्सी परवडत नाही. जेटीवर होड्या दुरुस्त करणारे वापरतात ते रेझीन आणि फायबरची मॅट लावली तर? (वास्को)

तेही चालते. मासेमारी बंदीच्या ६१ दिवसांत, १ जून ते ३१ जुलै, ट्रॉलर किनाऱ्यावर ओढलेले असतात आणि सगळीकडे त्याच रेझीनचा दर्प असतो. ते पॉलिस्टर रेझीन. फायबरच्या होडीवर ते पक्के बसते, कारण खाली फायबरच असते. लाकडावर त्याची पकड इपॉक्सीपेक्षा कमी, आणि प्लाय जरा जरी दमट असेल तर सहा महिन्यांनी पापुद्र्यासारखे सुटते. जून-जुलैत मॅटचे उरलेले तुकडे स्वस्तात मिळाले तर जरूर घ्या, कोरड्या जागी गुंडाळून ठेवा. काम मात्र दिवाळीनंतर.

आता जरा हिशेब करू. आपल्या ६ बाय २ बाय २ च्या टाकीचे आतले अंग चाळीसेक चौरस फूट भरते. इपॉक्सीचे तीन हात आणि कोपरे धरून साडेतीन-चार किलो माल पुरतो. एवढ्यासाठी पॉलिस्टरची जोखीम मी घेणार नाही. मॅट सगळीकडे नको, फक्त सांध्यांवर चार इंचांच्या पट्ट्या. त्याआधी इपॉक्सीत लाकडाचा बारीक भुसा कालवून प्रत्येक आतला कोपरा बोटाने गोल करून घ्या. फायबर काटकोनात वळत नाही, खाली हवा राहते आणि पाणी नेमकी तीच जागा शोधते.

हार्डनर वजनकाट्यावर मोजा. ‘लवकर सुकावे’ म्हणून जास्त घातलात तर लेप चिकटच राहील. दमट दिवशी इपॉक्सीवर मेणचट थर येतो. पुढचा हात देण्याआधी तो पाण्याने धुऊन, पॉलिश पेपर मारून काढा. नुसता पुसला तर पुढचा हात सोलून निघतो.

तरीही पॉलिस्टरच वापरणार असाल, तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. आधी इपॉक्सी लावून त्यावर पॉलिस्टर लावू नका, ते नीट धरत नाही. उलट केलेले चालते. दुसरी गोष्ट जिवाची आहे. त्या रेझीनबरोबर कोबाल्ट आणि कॅटलिस्ट अशा दोन बाटल्या येतात. त्या एकमेकींत थेट कधीही मिसळू नका, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझीनमध्ये पूर्ण ढवळायचे, मग कॅटलिस्ट. हे सगळे बाल्कांवात (दारापुढच्या ओट्यावर), उघड्या हवेत.

प्रश्न : काका, टाकी तयार झाली, पण पुढच्या काचेच्या खालच्या कडेने ओघळ येतो. बाहेरून सिलिकॉनचे तीन थर दिले. थांबतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. (कुडचडे)

तुमच्या पत्रासोबतचा फोटो पाहिला. काच चौकटीच्या बाहेरून चिकटवली आहे, सगळा घोटाळा तिथेच आहे. पाणी काचेला आतून बाहेर ढकलते आहे आणि तिला धरायला फक्त सिलिकॉन. बाहेरून आणखी थर देऊन काय होणार, पाणी त्याच्या पाठीमागून येते. काच आतून बसवायची असते, म्हणजे पाणीच तिला चौकटीवर दाबून धरते. मग सिलिकॉनला फक्त फट बुजवायचे काम उरते.

टाकी रिकामी करा. ब्लेडने जुने सिलिकॉन पूर्ण काढा, राहिलेला चकाकता पातळ थरसुद्धा. जुन्या सिलिकॉनवर नवे चिकटत नाही. चौकटीच्या आतल्या अंगावर इपॉक्सी हवेच, कच्च्या लाकडावर सिलिकॉन टिकत नाही. खिडकी ६२ बाय १५ इंचांची ठेवलीत, तर काच ६६ बाय १९ ची घ्या, म्हणजे चारी बाजूंनी दोन-दोन इंच आधार मिळतो. एवढ्या खिडकीला १० मिलिमीटर पुरते. मी १२ घालतो, रात्री झोप नीट लागते.

टाकी पुढच्या अंगावर पालथी घाला, म्हणजे चौकट जमिनीला लागेल. कडेवर करंगळीएवढी जाड सलग रेघ ओढा आणि काच वरून अलगद सोडा. बारा मिलिमीटरची ही काच चोवीस-पंचवीस किलो भरते, दोघे जण लागतील. हाताने दाबून सगळे सिलिकॉन बाहेर काढू नका, मध्ये दोन-तीन मिलिमीटरची गादी राहू दे. त्यासाठी आम्ही रबराचे छोटे तुकडे टेकू म्हणून ठेवतो. सिलिकॉन साधे, व्हिनेगरसारखा वास येणारे घ्या. न्हाणीघरासाठी बुरशीनाशक घातलेले येते, ते माशांना मारते. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने बाहेरून आत पिकते, दिवसाला दोन-तीन मिलिमीटर. आठवडाभर हात लावू नका.

पाणी घराबाहेर भरा. एक तृतीयांश, मग एक दिवस थांबा, मग दोन तृतीयांश. सांध्यांखाली वर्तमानपत्र पसरून ठेवा, डोळ्याला न दिसणारी गळतीही कागदावर डाग पाडते.

प्रश्न : आमचे घर जुने, वरच्या मजल्याला लाकडी फळ्यांची जमीन. तिथे ठेवली तर? (फोंडा)

नको. ६ बाय २ बाय २ च्या टाकीत पाणीच साडेपाचशे लिटरच्या आसपास, म्हणजे तेवढेच किलो. वाळू, काच, लाकूड धरून सातशेच्या पुढे. हा भार चौरस मीटरला सहाशे किलोंच्या वर जातो. घरातला काँक्रिटचा स्लॅबसुद्धा साधारण दोनशेच्या हिशेबाने बांधतात. खाली, थेट जमिनीवर ठेवा.

प्रश्न : प्लायची पेटी करून आत ताडपत्रीसारखे तळ्याचे लायनर घातले तर रेझीनचा खर्चच वाचेल ना? (पेडणे)

वाचेल, पण खिडकी विसरा. लायनरला सिलिकॉन धरत नाही, काचेचा सांधा गळणारच. वरून बघायचे तळे हवे असेल तर याहून स्वस्त काही नाही.

प्रश्न : विहिरीचे पाणी वापरू का? आणि बाजारात येते ती काळुंदर पाळता येईल? (वाळपई)

जांभ्या दगडातल्या विहिरींचे पाणी बहुधा मऊ, किंचित आंबट आणि लोहयुक्त असते. पिंपात भरून रात्रभर हवेचा पंप चालवा. लोह तांबूस गाळ होऊन खाली बसते, वरचे पाणी फडक्यातून गाळून घ्या. काळुंदर खाडीतली, मचूळ पाण्याला सरावलेली. गोड्या पाण्यात राहते, पण इतके मऊ पाणी तिला मानवत नाही. तिसऱ्यांचे रिकामे शिंपले उकळून, फोडून, जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवा. हळूहळू विरघळून पाणी कठीण करतात. हे शिंपले फुकटचे, आणि तिसऱ्यांची एकशिपी झाली की घरात कमीही नसतात.

बाजारातली मासळी पाळायला कामाची नाही. खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या) मानशीवर, म्हणजे पाण्याच्या दारावर, जाळे लावणाऱ्याशी बोलून बोटाएवढी पिल्ले मिळवा, सहा पुरेत. पण टाकी भरल्या दिवशी सोडू नका. फिल्टरमध्ये अमोनिया पचवणारे जिवाणू वाढायला चार ते सहा आठवडे जातात. तोवर दोन-तीन गप्पी ठेवा. वीज गेली तर बॅटरीवरचा हवेचा पंप हाताशी असू दे, आणि टाकीच्या प्लगाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, बसवून घ्या.

आणि तळाशी मंगळुरी कौलाचा एक तुकडा तिरका ठेवा. जोडी जमली की काळुंदर कौल तोंडाने घासून स्वच्छ करते, अंडी त्यावर चिकटवते, आणि मग नर-मादी दोघेही राखणीला उभे राहतात.