माजी राष्ट्राध्यक्ष मागच्या बाकावर

प्रश्न : राष्ट्राध्यक्षपद भोगलेला माणूस पुढे साधा लोकप्रतिनिधी म्हणून निवडून आला, असं अमेरिकेत कधी घडलंय का? त्याला कमीपणा वाटला नाही?

उत्तर : घडलंय. अँड्र्यू जॉन्सन १८७५ मध्ये काही महिने सिनेटमध्ये होते, पण प्रतिनिधिगृहात परतले ते एकटे जॉन क्विन्सी ॲडम्स. परराष्ट्रमंत्री म्हणून हा माणूस पक्का, अध्यक्ष म्हणून मात्र फिका. १८२८ मध्ये जॅक्सननी त्यांना पाडलं. दोन वर्षांनी मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथच्या मतदारांनी त्यांना निवडून दिलं. कमीपणा कसला? आजवर कुठल्याच निवडीनं इतका आनंद दिला नाही, असं त्यांनी डायरीत लिहिलंय. ही डायरी त्यांनी बाराव्या वर्षापासून धरलेली.

१८३६ मध्ये सभागृहानं ठरवलं, की गुलामगिरीविरोधातले अर्ज चर्चेविना बासनात गुंडाळायचे. नागरिकांचा अर्ज करण्याचा हक्कच त्यात बुडत होता, आणि म्हातारा हट्टाला पेटला. ६ फेब्रुवारी १८३७ चा प्रसंग मला फार आवडतो. ॲडम्स उठले आणि सभापती पोक यांना भाबडेपणाचा आव आणून म्हणाले, ‘माझ्याकडे २२ गुलामांचा म्हणून एक अर्ज आलाय. तो या नियमात बसतो का?’ गुलामांचा अर्ज! दक्षिणेकडचे सदस्य खवळले, ठपक्याचे ठराव आले. सगळ्यांना पुरतं तापू दिल्यावर ॲडम्सनी हळूच सांगितलं, की गुलामगिरी रद्द करू नका, असंच त्या अर्जात म्हटलंय. ठपका बारगळला. तिरसट म्हणून बदनाम असलेल्या माणसाकडे एवढी मिश्किली होती, हे विशेष.

तो नियम रद्द व्हायला १८४४ चा डिसेंबर उजाडला. मधल्या काळात, १८४१ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी ते सुप्रीम कोर्टात उभे राहिले. ‘आमिस्ताद’ जहाजावर उठाव केलेल्या आफ्रिकी बंदिवानांची बाजू त्यांनी मांडली आणि ते बंदिवान सुटले.

निवृत्ती त्यांनी घेतलीच नाही. २१ फेब्रुवारी १८४८ ला मेक्सिको युद्धातल्या सेनाधिकाऱ्यांच्या गौरवाचा ठराव मतदानाला आला. हे युद्धच त्यांना मान्य नव्हतं. त्यांनी खणखणीत ‘नाही’ म्हटलं आणि थोड्याच वेळात ते आपल्या जागेवर कोसळले. घरी नेण्यासारखी अवस्था नव्हती. दोन दिवसांनी, त्याच इमारतीत, सभापतींच्या खोलीत ते गेले.