खुर्ची हलणारा सिनेमा नवा नव्हे, १९०५ चा!

प्रश्न: नमस्कार दादा. म्हापशाला बोडगेश्वराच्या जत्रेत मुलांना घेऊन गेलो होतो, तिथे एक हलत्या खुर्च्यांचा सिनेमा होता, पाच मिनिटांचा खेळ, खुर्ची गदागदा हलते, तोंडावर वारा येतो आणि पडद्यावर आपण दरीत पडतोय असं दिसतं. मुलगा म्हणाला हे लेटेस्ट आहे. माझे सासरे म्हणाले असलं काहीतरी अमेरिकेत कधीच होऊन गेलंय. कोण बरोबर? आणि होऊन गेलं तर बंद का पडलं?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर: सासऱ्यांना एक चहा द्या, ते जिंकले.

या प्रकाराचं नाव होतं हेल्स टूर्स. काढला जॉर्ज हेल नावाच्या माणसाने, आणि गंमत म्हणजे हा काही सिनेमावाला नव्हे, हा अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या अग्निशमन दलाचा प्रमुख! बंबाचे घोडे झटपट जुंपता यावेत म्हणून खास सामान तयार करणारा, सतत काहीतरी खटपट करणारा माणूस. नोकरी सुटल्यावर त्याने १९०५ साली तिथल्याच इलेक्ट्रिक पार्क या करमणुकीच्या बागेत हा खेळ लावला.

खेळ असा की बाहेरून रेल्वेचं स्टेशन, दारात युनिफॉर्मवाला कंडक्टर, तो तिकीट घेणार, १० सेंट. आत खराखुरा वाटणारा रेल्वेचा डबा, मागच्या रांगा थोड्या उंच म्हणजे पुढच्याचं डोकं मध्ये येत नाही. डब्याच्या पुढच्या टोकाला भिंतच नाही, तिथे पडदा. प्रोजेक्टर मागे उंचावर, प्रेक्षकांच्या डोक्यावरून उजेड टाकणारा. शिट्टी वाजली की खालची यंत्रणा डबा डुलवायला लागते, चाकांचा खडखडाट सुरू, पंख्याचा वारा, आणि पडद्यावर रूळ तुमच्या पायाखाली येताहेत. डबा मात्र जागचा हलत नाही.

फिल्म कशी घ्यायचे? कॅमेरा सरळ इंजिनाच्या तोंडावर बांधायचा आणि गाडी सोडायची, बस्स. अशा फिल्मांना तेव्हा फँटम राइड म्हणत आणि त्या हेलच्याही आधीच्या, १८९७ पासून चालू होत्या. आपण कुळ्याहून घाट चढताना दूधसागर बाजूच्या खिडकीतून बघतो ना, तोही अर्धे लोक मध्ये उभे असताना, तोच इंजिन ड्रायव्हरच्या जागेवर बसून बघितला तर कसा दिसेल, तसं हे. हेलने नवीन काय केलं तर त्या फिल्मला डबा दिला. माझ्या मते खरी हुशारी तीच, कारण डोळ्यांना गाडी पुढे जाताना दिसते, बुडाला हादरे बसतात, कानात खडखडाट, मग डोकं बिचारं काय करणार, मान्य करून टाकतं.

लोकांना ते किती खरं वाटायचं याचा एक किस्सा कॅनडातल्या व्हँकुव्हरचा सांगतात. तिथे रस्त्यावरून ट्राम जाते अशी फिल्म होती, माणसं पुढून रस्ता ओलांडायची, आणि डब्यात बसलेले लोक ओरडायचे बाजूला व्हा म्हणून! एक महाभाग तर रोज तोच खेळ बघायला येई, ड्रायव्हर कधीतरी चुकेल आणि अपघात बघायला मिळेल या आशेने. 😄

आता बंद का पडलं. पहिली दोनेक वर्षं धंदा तुफान, अमेरिकाभर डबे लागले, १९०६ ला लंडनमध्ये ऑक्सफर्ड स्ट्रीटवर पण. पण फिल्म एकाच जातीची, रूळ, बोगदा, डोंगर, परत रूळ. एकदा बघितलं, दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा कोण पैसे देणार? त्यात १९०५ लाच पाच सेंटवाली छोटी सिनेमाघरं निघाली, तिथे निम्म्या पैशात गोष्ट बघायला मिळे, चोर, पोलीस, प्रेम, सगळं. न्यूयॉर्कमध्ये अ‍ॅडॉल्फ झुकॉरने हाच खेळ लावला होता, गर्दी ओसरल्यावर त्याने खेळाच्या शेवटी द ग्रेट ट्रेन रॉबरी ही रेल्वे दरोड्याची गोष्ट सांगणारी फिल्म जोडून दाखवली, लोक परत आले, मग त्याने डबाच काढून टाकला आणि साधं थिएटर केलं. हाच झुकॉर पुढे पॅरामाउंट या हॉलिवूडच्या सिनेमा कंपनीचा मोठा माणूस झाला. वॉर्नर ब्रदर्स ही सिनेमा कंपनी काढणाऱ्या भावांपैकी सॅम वॉर्नरनेही तरुणपणी हेल्स टूर्सचा प्रोजेक्टर चालवलेला. म्हणजे खेळ गेला, पण त्यात हात काळे केलेले लोक हॉलिवूड उभं करून गेले.

प्रश्न: तशी एखादी जुनी फिल्म आता बघायला मिळते का? (त्याच वाचकाचा पुढचा प्रश्न)

उत्तर: मिळते की. यूट्यूबवर अ ट्रिप डाउन मार्केट स्ट्रीट शोधा, १९०६ ची, सॅन फ्रान्सिस्कोच्या केबल कारच्या (म्हणजे रोपवे नव्हे, रस्त्यावर रुळांवरून चालणारी ट्रामसारखी गाडी) पुढे कॅमेरा लावून काढलेली, साधारण १३ मिनिटांची. १८ एप्रिलच्या भूकंपाच्या अगदी थोडे दिवस आधी. गाड्या, घोडे, सायकली कशा वाटेल तशा आडव्या जातात ते बघा, आपल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला लाजवतील. मोबाइलवर मजा नाही येत, टीव्हीवर लावा आणि मुलाला अगदी जवळ बसवा, खुर्ची हलवायचं काम सासऱ्यांकडे द्या.