जीपीएस नसताना फक्त कॅमेऱ्यावरून रोबोटला आपली जागा कशी कळते?

चित्रातल्या ठळक खुणा धरून. दाराच्या चौकटीचा कोपरा, फरशीवरचा डाग, भिंतीवरचा खिळा अशा शेकडो बिंदूंवर तो नजर ठेवतो. पुढच्या फ्रेममध्ये जवळचा खिळा बराच सरकतो, लांबचा कोपरा जेमतेम हलतो. या फरकावरून कॅमेरा किती वळला, कुठल्या दिशेला गेला याचं गणित मांडता येतं.

किती अंतर गेला, हे मात्र एका कॅमेऱ्याला एकट्याने सांगता येत नाही. लहान खोली जवळून आणि मोठी खोली लांबून सारखीच दिसते ना! म्हणून ठरावीक अंतरावर दुसरा कॅमेरा बसवतात किंवा त्वरण मोजणारा सेन्सर जोडतात.

शिवाय दर फ्रेमची बारीक चूक साचत जाते. आधी पाहिलेली जागा पुन्हा ओळखू आली की मागचा सगळा मार्ग दुरुस्त करता येतो. मला या तंत्रातला हाच भाग सगळ्यात सुंदर वाटतो.

खुणाच नसतील तर पंचाईत. मंगळावरचं नासाचं इंजेन्युइटी हेलिकॉप्टर खाली रोखलेल्या कॅमेऱ्याने जमिनीवरच्या खुणा टिपत उडायचं. १८ जानेवारी २०२४ च्या ७२ व्या उड्डाणात खाली जवळजवळ एकसारखी वाळू होती. वेगाचा अंदाज चुकला, उतरताना पाती मोडली आणि ते पुन्हा उडालं नाही. कोरी पांढरी भिंत, अंधार, धुकं यांतही हीच अडचण येते, त्यामुळे स्वतः चालणाऱ्या गाड्यांमध्ये सहसा कॅमेऱ्याच्या जोडीला चाकांचे सेन्सर, रडार किंवा लायडार (लेसर किरणांनी अंतर मोजणारा सेन्सर) असतात.