‘गोल्डन गर्ल्स’ : कुठले भाग आधी पाहावेत?

प्रश्न : ‘द गोल्डन गर्ल्स’ या अमेरिकन मालिकेचे १८० भाग आहेत. सामाजिक विषयांवरचे मोजके भाग मंडळात दाखवायचे आहेत. कुठले निवडू?

उत्तर : मालिका १९८५ ते १९९२ची, मायामीत एकत्र राहणाऱ्या चार प्रौढ बायकांची : रोझ, ब्लँश, डोरोथी आणि डोरोथीची आई सोफिया. सुरुवात पाचव्या सीझनच्या ‘७२ अवर्स’पासून करा (फेब्रुवारी १९९०). पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या वेळी चढवलेल्या रक्तातून एचआयव्हीची लागण झाली असावी, असं रोझला कळतं. तपासणीच्या निकालासाठी तीन दिवस थांबायचं असतं. सोफियानं रोझच्या कपांवर ‘आर’ हे अक्षर लिहून ठेवलेलं असतं, तिकडे नीट लक्ष द्या. माया असूनही भीती माणसाला काय करायला लावते, ते त्या कपांवर दिसतं. ‘हा वाईट माणसांचा आजार नाही’, असं ब्लँश ठणकावते. प्रेक्षकांना गप्प करणारी जागा ती हीच.

त्यानंतर ‘सिक अँड टायर्ड’ (सप्टेंबर १९८९). ही कथा दोन भागांत आहे, ते सलगच दाखवा. पहिल्यात डॉक्टर डोरोथीचा थकवा उडवून लावतात. ते पाहिलं नसेल, तर दुसऱ्या भागात रेस्टॉरंटमध्ये ती डॉक्टरला सुनावते त्याची धार जाते. निर्मात्या सुझन हॅरिस यांनी स्वतः हे दुखणं (क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजे दीर्घकाळ न हटणारा थकवा) सोसलं होतं.

वेळ उरला तर ‘सिस्टर ऑफ द ब्राइड’ (१९९१) घ्या, पण ब्लँशचा समलिंगी भाऊ क्लेटन पहिल्यांदा येतो तो ‘स्केअर्ड स्ट्रेट’ त्याआधी हवा. प्रत्येक भाग पंचवीस मिनिटांच्या आतबाहेर. पुनःप्रक्षेपणाच्या प्रती जाहिरातींसाठी कापलेल्या असतात, डीव्हीडी बरी.