‘बाहेर नेलं की हा तमाशा करतोच, मॅडम’

सुट्टी जवळ आली की कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एक प्रश्न हमखास येतो. मूल घरात ठीक असतं, शाळेतूनही तक्रार नसते, पण सहलीला, लग्नाला, बागेत नेलं की कुठेतरी जमिनीवर लोळण घेतं. मग आईबाप विचारतात, ह्याच्यात काही दोष आहे का? आम्ही लाडावून ठेवलाय का? त्याला उत्तर म्हणून एका घराची हकीकत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, शिवाय दुसऱ्या एका घरातल्या काही गोष्टीही यात मिसळल्या आहेत.

आई बँकेत नोकरीला. वडिलांचं शिरोली एमआयडीसीत छोटं मशीन शॉप. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा पाचचा. सोबत वडिलांची आई, गुडघ्यांनी बेजार. पहिल्या वेळी आई एकटीच आली. मे महिन्यात सगळे पुण्याला कात्रजचं राजीव गांधी प्राणीसंग्रहालय बघायला गेले होते, एका दिवसात जाऊन-येऊन. दुपारी मुलानं तिथं रस्त्यातच अंग टाकलं. वडिलांनी चारचौघांत थोबाडीत दिली. परतीच्या सगळ्या वाटेत गाडीत कुणी कुणाशी बोललं नाही. आता दिवाळीची सुट्टी तोंडावर आलेली, मुलगी पुन्हा जाऊया म्हणत होती आणि वडील म्हणत होते, "ह्याला घेऊन मी गल्लीच्या कोपऱ्यापर्यंतसुद्धा जाणार नाही."

आईला मुलाच्या हट्टावर उपाय हवा होता. मी आधी दुसऱ्याच चौकश्या केल्या. बोलणं वेळेवर आलं का, इतर मुलांत खेळतो का, मिक्सरच्या किंवा फटाक्यांच्या आवाजानं कानावर हात ठेवून सैरभैर होतो का, रोजचा क्रम जरा बदलला तर शाळेतही असाच कोसळतो का. यातलं काही असतं तर मी त्याला बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्यायला सांगितलं असतं, आणि ते लांबवू नये हेही सांगितलं असतं. तसं काही नव्हतं. मग मी कोरा कागद पुढं केला आणि म्हटलं, त्या दिवसाचं वेळापत्रक लिहा. कोण कधी उठलं, कोणी कधी काय खाल्लं, कोण कुठं बसलं.

पालकांकडून मी हा कागद नेहमी लिहून घेते, कारण ‘हट्टीपणा’ त्यात बहुतेकदा सापडत नाही. इथंही तेच झालं. आई साडेतीनला उठलेली. धपाटे, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, दही. मुलाला झोपेतच उचलून गाडीत घातलं आणि अर्धा कप दूध पाजलं, ते त्यानं कराडच्या पुढं उलटून टाकलं. मग पुन्हा उलटी नको म्हणून त्याला खायला काहीच दिलं नाही. किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर असे चार टोलनाके, मध्ये रस्त्याची कामं. तिकीट काढून आत शिरेपर्यंत साडेअकरा वाजून गेले. मे महिन्यातले साडेअकरा. मुलाच्या पोटात काल रात्रीचं जेवण.

कात्रजचा परिसर एकशेतीस एकरांचा आहे. मोठ्या माणसालाही सगळा पायी फिरायचा तर दम निघतो. आणि वडिलांचं ठरलेलं होतं की एवढा पेट्रोलचा, टोलचा खर्च करून आलोय, तर एकही पिंजरा सोडायचा नाही. जंगली जनावरं मात्र आपल्या तिकिटाची कदर करत नाहीत. वाघाची हालचाल पहाटे आणि संध्याकाळी, सिंह तर दिवसातले वीस-वीस तास झोपून काढतो. भर दुपारी दोघंही सावलीला पडून. मुलानं त्याच्या आधी न्यू पॅलेसच्या संग्रहालयात पेंढा भरलेला वाघ पाहिला होता. कात्रजचा बघून त्यानं विचारलं, "हा पण मेलेला हाय?"

त्याला बघायच्या होत्या त्या खारी, कुंपणाखालून चाललेली मुंग्यांची रांग आणि ये-जा करणारी बॅटरीवरची गाडी. पाच वर्षांच्या मुलासाठी यात वावगं काही नाही. जे जवळ आहे, हलतंय आणि आपल्या डोळ्यांच्या उंचीवर आहे, ते त्याला दिसतं. खंदकापलीकडे तीस-चाळीस फुटांवर पडलेला पिवळा ठिपका दिसत नाही. पण दर वेळी कुणीतरी दंडाला धरून पुढं ओढायचं, "अरे मुंग्या काय, त्या कोल्हापुरात पण हाईत!"

एवढ्यावर मुलाची बाजू मला कळली होती. थोबाडीत मात्र कळली नव्हती, कारण आईच्या सांगण्यावरून वडील हात उचलणारे वाटत नव्हते. म्हणून पुढच्या वेळी सगळ्यांना बोलावलं, आजींसकट. वडील यायला राजी नव्हते. सोमवारी वर्कशॉप बंद असतं म्हणून आले, आणि आल्या-आल्या घड्याळ बघितलं.

मी प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली. दोनच ओळी लिहायच्या: सहलीत मला काय हवंय आणि काय नकोय. मुलीनं लगेच लिहिलं: सर्पोद्यान बघायचंय, भावाला सांभाळायला लावू नका. मागच्या खेपेला ती फोनमध्ये तोंड घालून बसली होती म्हणून तिलाही बोलणी बसली होती. खरं तर तिला साप बघायचे होते आणि ‘आधी वाघ, साप नंतर’ करता करता ते राहूनच गेले. आईनं लिहिलं: निवांत चहा हवाय, डबा मी करणार नाही. हे वाचून दाखवताना तिचा आवाज चढला, आणि नवऱ्यानं पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडं पाहिलं. मुलाचं म्हणणं बहिणीनं लिहून घेतलं: हत्तीची शी बघायची. नको काय? "बाबा ओरडलेलं."

आजी म्हणाल्या, "माझं काय न्हाई, मला कायबी चालतंय." घरातल्या मोठ्या बायकांचं हे उत्तर मी कधी शेवटचं धरत नाही. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "संडास जवळ असावा. त्या दिवशी मी पाणीच प्यालो न्हाई, मॅडम. एवढ्या लांब सारखं कुणाला थांबवायचं?" पहाटेपासून घोटभर पाणी नाही, डोकं ठणकलेलं, म्हणून त्या गप्प बसल्या होत्या. आणि घरात पाच महिने सगळे धरून चालले होते की आजी सुनेवर रुसल्या होत्या.

वडिलांच्या चिठ्ठीवर एकच ओळ होती: कुणी रडू नये. मी विचारलं, त्या दिवशी मुलगा रडायच्या आधी काय झालं होतं? ते काही बोलले नाहीत. मुलगीच म्हणाली, "बाबांनी वाघाला उठवायला शिट्टी मारली, टाळ्या वाजवल्या. मग वॉचमनकाका ओरडले."

संग्रहालयातल्या प्राण्याला डिवचणं किंवा खायला घालणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा रखवालदारानं आपलं काम केलं होतं. पण बायकोसमोर, पोरांसमोर, आईसमोर एका परक्या माणसानं आवाज चढवून बोलणं वडिलांना लागलं होतं. त्यांनी वाघ उठवायला बघितला तो पोरांसाठीच. पंधरा-वीस मिनिटांत मुलगा रस्त्यात आडवा पडला, भोवती माणसं जमली, कुणीतरी मोबाइल वर केला. हात उचलला गेला तो तेव्हा. मी त्यांना म्हटलं, मारणं चूकच होतं, त्यात दुमत नको. पण ते मुलाच्या रडण्याला उत्तर नव्हतं, लोक बघतायत ह्याला होतं. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक बापांचं असंच असतं. मूल घरात रडलं तर ते पेपर खाली ठेवत नाहीत.

मग त्यांनी आपणहून सांगितलं. लहानपणी घरातून फिरायला जाणं म्हणजे चैत्रात जोतिबाची यात्रा, तीही टेम्पोच्या हौद्यात. वडिलांनी दुसरीकडे कधी कुठं नेलं नाही. "म्हणून म्हटलं, आपल्या पोरांना सगळं दाखवायचं." आजी पदराला डोळे पुसून म्हणाल्या, "कशानं नेणार होता तो, पगार किती होता?" मी हा धागा ताणला नाही. सगळ्यांसमोर तेवढंच पुरेसं होतं.

पुढचं आखणीचं काम त्यांचं त्यांनीच केलं, मी फक्त टोकत राहिले. पहिली सूचना बेळगावची आली. भुतरामनहट्टीचं प्राणीसंग्रहालय महामार्गालगत आहे, कोल्हापूरहून अंतर पुण्याच्या निम्म्याहून कमी, आणि एका दिवसातच परतायचं असेल तर लहान मुलाला घेऊन मीही तेच सुचवते. पण मुलाला हत्तीच हवा होता, म्हणून कात्रजच ठरलं. मात्र जाऊन-येऊन नाही. धनकवडीला वडिलांचे चुलतभाऊ राहतात, तिथून कात्रज अगदी लागून. रविवारी दुपारी निघायचं, मुक्काम करायचा, सोमवारी सकाळी दार उघडायच्या वेळी तिथं हजर. सोमवारी वर्कशॉप बंदच असतं आणि रविवारची गर्दीही टळते. (कात्रजला सुट्टी बुधवारी असते. दर आठवड्याला एखादं कुटुंब बुधवारी बंद दारापाशी जाऊन माघारी येत असणार, याबद्दल माझी खात्री आहे.)

वडिलांना सगळ्यात जड गेलं ते जेवायच्या वेळेपर्यंत बाहेर पडायचं हे. "मग बाकीचं राहील की!" राहू दे, म्हटलं. एका सकाळी पाच वर्षांच्या मुलाला तीन-चार प्राणी नीट बघता येतात, बाकी सगळी नुसती पायपीट. तुम्हाला सगळं बघायचं असेल तर तुम्ही बघा ना, एकटे. हे त्यांना सुचलंच नव्हतं. सहकुटुंब म्हणजे पाचही माणसांनी दिवसभर एकमेकांना धरून चालायचं, असं कुठं लिहिलंय? आजींनी बॅटरीच्या गाडीतून फेरी मारावी, मुलगी आणि आईनं साप बघावेत, वडिलांनी वाघापाशी हवा तेवढा वेळ उभं राहावं, आणि ठरल्या वेळी ठरल्या जागी भेटावं. सकाळी निघताना त्याच दिवसाच्या कपड्यांत मुलांचा फोटो मोबाइलवर काढून ठेवा आणि धाकट्याच्या मनगटावर पेनानं नंबर लिहा, एवढं मी आवर्जून सांगितलं.

निघायची वेळ आली की मुलं का बिथरतात, हेही बोललो. ‘अजून दहा मिनिटं’ हे पाच वर्षांच्या मुलाला कळत नाही. त्याच्या हिशेबात दहा मिनिटं कधीही संपू शकतात, आणि ती संपवणारे आपण असतो. त्यापेक्षा ‘आता मोर, मग कासव, मग गाडी’ हे त्याला बोटांवर मोजता येतं. तरीही कोसळलाच, तर त्या वेळी शहाणपण शिकवायचं नाही. उचलून गर्दीपासून बाजूला, सावलीत न्यायचं. खाली बसायचं, पाणी जवळ ठेवायचं आणि गप्प राहायचं. ‘बघ, सगळे हसतायत तुला’ हे वाक्य तर नकोच. कान त्याचे असतात, पण लाज आपल्याला वाटत असते. का रडलास ते संध्याकाळी विचारावं, किंवा दुसऱ्या दिवशी.

जायच्या आधीच्या आठवड्यात एक तालीम करायला सांगितली: आजी आणि नातवानं तासभर न्यू पॅलेसला जाऊन यायचं, हरणं बघून परत. त्यातून एक वेगळंच निघालं. आजींचे वडील संस्थानच्या काळातले. कोल्हापूर दरबारात शिकारीसाठी चित्ते पाळायचे, पुढं ते आफ्रिकेतून आणावे लागले, डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना माळावर न्यायचे आणि काळविटांवर सोडायचे, हे सगळं आजींनी लहानपणी ऐकलेलं. साठमारीतल्या, म्हणजे माणसं आणि हत्ती यांच्या झुंजीतल्या, हत्तींच्या गोष्टीही. घरात हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यांच्या मुलालासुद्धा. पुण्याला जाताना गाडीत मोबाइल लावायची वेळ आली नाही, असं आईनं नंतर सांगितलं. कराडला केळं आणि चुरमुरे खाल्ले, उलटी झाली नाही. आजींसाठी दोनदा थांबले, न विचारता.

सहल झक्कास झाली असं मी म्हणणार नाही. हत्तीपाशी मुलगा पाऊण तास उभा होता. त्याला जे हवं होतं ते त्यानं पाहिलं आणि नंतर आठवडाभर सगळ्या वर्गाला सांगितलं. सापांपाशी मुलीचं मन भरलं. वाघ मात्र पुन्हा झोपलेला. वडील एकटेच तिथं अर्धा तास थांबले, तेव्हा तो एकदा उठला, कूस बदलली आणि परत पडला. ह्याचा व्हिडिओ त्यांनी मलाही दाखवला. बाहेर पडताना खेळण्यांच्या टपरीपाशी मुलानं भोकाड पसरलंच. आई त्याच्याजवळ खाली बसली. वडील हाताची घडी घालून दोन पावलं मागं उभे राहिले. त्यांच्या मते ते वीस मिनिटं चाललं, मुलीच्या मते चार.

शेवटच्या भेटीत वडिलांनी पुढचा बेत काढला: दाजीपूर. गवे बघायचे, आणि जाता जाता राधानगरी धरण, परतताना अजून दोन ठिकाणं. आईनं पर्समधून कोऱ्या चिठ्ठ्या काढल्या.

"डबा कोण करणार ते आधी लिहा," ती म्हणाली.