घरच्या पाककृतींना ओढ लावणारी नावं कशी द्यावीत?

तुम्ही विचारलंय की निपाणीकडच्या सासरच्या पाककृती लिहून टाकताय, कृती नीट जमलेल्या आहेत, पण 'वांग्याची भाजी', 'घरची चटणी', 'गव्हाची खीर' ही नावं बघून कोणी कृती उघडून आत येत नाही. शिवाय इथले कानडी-मराठी शब्द ठेवावेत की पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी बदलावेत, हेही ठरत नाही.

शब्द बदलू नका. फक्त त्यांच्या शेजारी नीट ओळख करून द्यायला शिका. कशी, ते तुमच्याच तीन पदार्थांवर दाखवते.

नाव सगळ्यात शेवटी लिहा. आधी कृती पूर्ण करा, मग ती परक्या माणसासारखी वाचा आणि एकच जागा शोधा, जिथे तुमची रीत शेजारच्या घरापेक्षा वेगळी होते. बहुतेक वेळा ही जागा एखाद्या क्रियेत सापडते: भाजून, कुटून, मुरवून, कांडून, वाफवून. जे सापडेल ते नावात आणा. 'चविष्ट', 'अप्रतिम', 'एकदा करून बघाच' यातून ताटात काय पडणार हे कळत नाही, म्हणून वाचणाऱ्याच्या तोंडाला पाणीही सुटत नाही.

आता वांगी घ्या. लहान वांगी देठासकट चिरून, मसाला भरून, पाणी अगदी बेताचं घालून, झाकणाखाली तेल सुटेपर्यंत मंद आचेवर ठेवायची, ही आपल्याकडची रीत. तिला कानडीत एण्णेगाई म्हणतात. 'एण्णे' म्हणजे तेल आणि 'काई' म्हणजे फळभाजी, जोडताना क चा ग झाला. म्हणजे नावातच कृती आहे. तरी नुसतं 'एण्णेगाई' लिहिलंत तर नाशिकच्या वाचकाला काही बोध होणार नाही, आणि नुसतं 'भरली वांगी' लिहिलंत तर तुमची कृती शेकडो भरल्या वांग्यांत हरवेल. म्हणून 'एण्णेगाई: तेलात मुरलेली भरली वांगी'. तुमच्या सारणात दाण्याच्या कुटाबरोबर कारळेही असतील तर त्याहून चांगलं नाव हाताशी आहे: 'एण्णेगाई: कारळ्याचा कूट भरलेली वांगी'. कारळ्याचा काळपट रंग आणि किंचित कडवट खमंगपणा दाण्याला येत नाही, आणि ज्याला तो माहीत आहे तो माणूस त्या एका शब्दासाठी आत येईल. दोन्ही गोष्टी एकाच नावात कोंबू नका. तेल की कारळे, एक निवडा.

चटणीची गोष्ट जरा नाजूक आहे, कारण हा शब्द आपल्याकडे आणि पुण्यात एकच नाही. बेळगाव, निपाणी, कोल्हापूर या पट्ट्यात 'चटणी' म्हणजे वर्षाचा कांदा-लसूण मसाला, जो आमटीत पडतो. पुण्यात चटणी म्हणजे पानात डावीकडे वाढायचा पदार्थ. 'दोन चमचे चटणी घाला' वाचून कोणी आमटीत नारळाची ओली चटणी घातली तर चूक त्याची म्हणता येणार नाही. 'कोरड्यास'चंही तसंच: आपल्याला भाकरीबरोबरचं कालवण कळतं, बाहेरच्याला वाटतं काहीतरी सुकं आहे. जो शब्द बाहेरच्याला अनोळखी आहे तो पुढे ठेवावा, कुतूहल वाढतं. जो शब्द त्याला ओळखीचा आहे पण वेगळ्या अर्थाने, तो मागे ठेवावा आणि अर्थ पुढे घ्यावा: 'वर्षभराचा कांदा-लसूण मसाला (आमची चटणी)'. आणि तुमची चटणी शेंगदाण्याची असेल तर 'खलबत्त्यात कुटलेली शेंगाचटणी'. कुटताना दाण्याचं तेल सुटून चटणीचा गोळा होऊ लागतो, मिक्सरला ती कोरडी भुकटी होते किंवा एकदम लगदा. हा फरक नावात येण्याजोगा आहे, पण खलबत्ता खरोखर वापरला असेल तरच. मिक्सरवर केलेली असेल तर 'थांबत थांबत फिरवलेली' हे कृतीत लिहा आणि नावात 'लसूण घातलेली शेंगाचटणी' एवढंच ठेवा. गॅसवर केलेल्याला 'चुलीवरची' म्हणणं हाही तसलाच प्रकार. फोटोत शेगडी दिसते आणि माणूस परत येत नाही.

विशेषण वापरायचं तर एकच, आणि नेमकं. मराठीत खाण्याची विशेषणं भरपूर आहेत, म्हणूनच ती एकाच्या जागी दुसरं अशी पडतात. 'खमंग' हा भाजलेल्या-तळलेल्याचा वास आहे. थालीपीठ, भाजणी, दाण्याची चटणी खमंग, पण सोलकढी खमंग नसते. 'झणझणीत' म्हणजे मिरचीचा जाळ. 'कुरकुरीत' मोडताना वाजतं, जसा पापड किंवा भजी. 'खुसखुशीत' तोंडात भुगा होतं, जशी करंजी किंवा शंकरपाळी. 'लुसलुशीत' पुरणपोळी, 'मऊसूत' भात, 'रवाळ' कुंदा (दूध आटवून केलेली मिठाई), 'सरसरीत' आमटी. 'खमंग झणझणीत चमचमीत' अशी तिन्ही एकापाठोपाठ लावली की एकही ऐकू येत नाही.

मिरचीच्या बाबतीत इथे एक चूक फार दिसते: 'झणझणीत ब्याडगी चटणी'. ब्याडगी ही मिरची कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातली. तिला 2011 साली भौगोलिक मानांकन मिळालं ते ती गडद लाल रंगासाठी आणि सौम्य तिखटासाठी नावाजलेली म्हणूनच. ती रंगाला घालतात. जाळ हवा असेल तर लोक संकेश्वरी घालतात. म्हणून 'ब्याडगीच्या रंगाची, बेताची तिखट' किंवा 'संकेश्वरी मिरचीची झणझणीत', यातलं एक लिहा. ज्याला मिरची कळते तो 'झणझणीत ब्याडगी' वाचूनच तुमच्यावर अविश्वास धरेल.

गावाचं नाव लावायचं ते पदार्थ किंवा जिन्नस खरोखर त्या गावचा असेल तेव्हा. कुंदा आणि मांडे बेळगावचे, करदंट गोकाकचा. 'बेळगावी पनीर' म्हणजे काय, हे कोणी सांगू शकणार नाही. करदंटाचं नाव बघा: करिद म्हणजे तळलेला आणि अंटु म्हणजे डिंक. तेव्हा 'गोकाकचा करदंट: तळलेला डिंक, गूळ, सुकामेवा' एवढं लिहिलं की अर्थही उलगडतो आणि चवही. बेळगाव लिहायचं की बेळगावी, असंही बरेच जण विचारतात. 1 नोव्हेंबर 2014 पासून शहराचं सरकारी नाव बेळगावी आहे, आणि मराठीत 'बेळगावी' हे कोल्हापुरीसारखं विशेषणही आहे. त्यामुळे 'बेळगावी कुंदा' लिहिलं की दोन्हीकडून शोधणाऱ्यांना सापडतं. 'बेळगांव' असा अनुस्वार मात्र देऊ नका. एकच रूप ठरवा आणि सगळ्या पाककृतींत तेच ठेवा.

वेळेचं वचन जपून द्या. कुंद्यासाठी 2 लिटर दूध तळाला न लागू देता आटवायचं, मग थोडं दही घालून रवाळ करायचं, साखरेचा तपकिरी रंग आणायचा, यात तासाच्या वर सहज जातो. '10 मिनिटांत कुंदा' लिहून आत तयार खवा निघाला की वाचणाऱ्याला फसवल्यासारखं वाटतं. तीच कृती 'तयार खव्याचा झटपट कुंदा' म्हणून सांगा. घाईत असलेल्यांना तेच हवं असतं. मांडे भाजायचं मातीचं खापर नसल्याने ते घरी कढई पालथी घालून केले असतील तर 'पालथ्या कढईवरचे मांडे' म्हणा. लोकांची अडचण खापर मिळत नाही हीच असते, आणि तिचं उत्तर नावातच मिळतं. 'मनातले मांडे' हे नाव मात्र टाळा, ते फार वापरून झालंय.

लांबीचं म्हणाल तर मोबाइलवर मोठं नाव मधेच तुटतं, म्हणून पदार्थ पहिल्या तीन शब्दांत यायला हवा. 'माझ्या सासूबाईंच्या खास पद्धतीने केलेली...' इथेच तुटलं तर पदार्थ दिसतच नाही. सासूबाईंचा उल्लेख कृतीच्या पहिल्या ओळीत करा, तिथे तो शोभतो.

आता तुमची खीर. 'खपलीच्या गव्हाची गुळाची घरची खीर' अशी ची-च्या-ची माळ लागली की जीभ अडखळते. नाव मोठ्याने वाचा; एका दमात येत नसेल तर एखादा 'ची' काढून तिथे क्रिया घाला. तुमच्याकडे खपली रात्री भिजवून, पाण्याचा हबका मारून कांडून, फोल पाखडून घेत असाल, तर 'हुग्गी: कांडलेल्या खपलीची गुळातली खीर'. हुग्गी हा शब्द अथणी-चिकोडीच्या वाचकाला थेट घरी नेतो, पुढचे शब्द बाकीच्यांसाठी. भिजवणं रात्रभराचं असल्याने 'झटपट' इथे कुठेही नको. आणि नाव 'मऊ हुग्गी' असं काही ठेवणार असाल तर कृतीत ठळक लिहा की गूळ गहू पूर्ण शिजल्यावरच घालायचा. आधी घातला तर दाणा पुढे कितीही शिजवला तरी मऊ होत नाही. दूधही गरम गुळात फाटतं, ते वाढताना वरून घालायला सांगा.